‘उठसूट एमआरआय’ म्हणणाऱ्या वाचकांना

मागच्या आठवड्यातल्या ‘मुका मार की गाठ?’ या लेखावर एक प्रतिक्रिया आली आहे. नावाच्या जागी नुसतं ‘निवृत्त सर्जन’. मजकूर असा: “ताई, उठसूट एमआरआय सांगून लोकांना घाबरवू नका. गाठ कसली आहे ते अनुभवी बोटांना कळतं. पन्नाशीनंतर गुडघ्याचा एमआरआय काढला तर मेनिस्कस (सांध्यातली कूर्चेची गादी) फाटलेला दिसायचाच. आणि ३ टेस्लाचं चित्र १.५ च्या दुप्पट स्पष्ट, हे कुठून आणलंत? घरगुती डॉक्टरकी थांबवा.”

टेस्लाचं तुमचं बरोबर आहे. टेस्ला हे एमआरआयच्या चुंबकाच्या ताकदीचं माप. चुंबक दुप्पट ताकदीचा असतो, म्हणून चित्र दुप्पट स्पष्ट होत नाही. वाक्य दुरुस्त केलं आहे.

आता ‘ताई’. त्या हाकेत माया नव्हती, हे कळण्याइतकं मराठी मला येतं. आणि ‘उठसूट’ मी कुठे लिहिलं ते दाखवा. मी लिहिलं होतं की पाच सेंटीमीटरहून मोठी, स्नायूत खोल बसलेली किंवा वाढत चाललेली गाठ असेल तर चाकू लावण्याआधी एमआरआय काढा. वरवरच्या लहान गाठीला आधी सोनोग्राफी पुरते, हेही त्याच परिच्छेदात होतं.

पण ‘अनुभवी बोटांना कळतं’ हे वाक्य मी चारदा वाचलं.

माझा धाकटा भाऊ कबड्डी खेळायचा. पकडीत मांडीला कुणाचा तरी गुडघा बसला, सूज आली. आमच्याकडच्या एका अनुभवी सर्जननी दाबून पाहिलं, म्हणाले, रक्त साकळलंय, विरेल. चार महिन्यांत विरायचं सोडून ते वाढलं. मग तेवढ्या जागेला भूल देऊन कापलं, आतलं तपासणीला पाठवलं. रिपोर्टात सार्कोमा, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या भागांत होणारा कॅन्सर. परळच्या कॅन्सर हॉस्पिटलात गेलो तेव्हा पहिला प्रश्न होता, ऑपरेशनआधीचा एमआरआय कुठाय? नव्हता. नंतर काढला त्यात उरलेली गाठ कुठली आणि कापल्यामुळे आलेली सूज कुठली, हे निवडणं अवघड झालेलं. शेवटी जुनी जखम भोवतालच्या स्नायूसकट काढली. वर रेडिएशन. आज तो बरा आहे, जिना चढताना कठडा धरतो एवढंच.

एमआरआय गाठीचं नाव सांगतो असं मी म्हटलेलंच नाही. नाव बायोप्सी सांगते. (तिथपर्यंत तुम्ही वाचलं नसावं.) पण गाठ स्नायूंच्या कुठल्या कप्प्यात आहे, मुख्य नस आणि रक्तवाहिनी किती जवळ आहेत, हे त्यात दिसतं. वरून नुसतं साकळलेलं रक्त वाटत असलं आणि कडेला गाठीचा जिवंत भाग असला, तर गॅडोलिनियम (चित्रात भाग उठून दिसावा म्हणून देतात ते औषध) टोचल्यावर तो बहुधा उजळतो. बायोप्सीची सुई कुठून घालायची तेही या चित्रावरून ठरवतात, कारण सुई गेली ती वाट पुढे गाठीबरोबर काढून टाकावी लागू शकते. यातलं बोटांना नेमकं काय कळतं, ते एकदा समजावून सांगाच. आमच्या सर्जनांचीही बोटं अनुभवीच होती.

गुडघ्याबद्दल फार बोलत नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या लोकांवरचा २००८ सालचा अभ्यास मलाही माहीत आहे. मेनिस्कस फाटलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांचा गुडघा आधीच्या महिन्याभरात दुखलाही नव्हता. ठीक. माझ्या लेखात गुडघ्यावर दीड ओळ होती.

‘घरगुती डॉक्टरकी’ला उत्तर देत नाही. देणार होते, लिहून खोडलं.

तुमची प्रतिक्रिया काढणार नाही. ती मला सगळ्यात आधी भावानेच पाठवली, खाली हसण्याची दोन चिन्हं टाकून. मला हसू आलं नाही.