नखं कापायला कोण येतंय?

आम्ही काही जण म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन लागेल ती मदत करतो. आज दुपारी हिंजवडीच्या एका कंपनीतून त्यासाठी फोन आला आणि माझं डोकं अजून शांत झालेलं नाही. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

"मॅम, आमची तीस जणांची टीम आहे. शनिवारी अकरा ते एक. आजी-आजोबांसाठी फन अॅक्टिव्हिटी करायचीये. अंताक्षरी, केक, मग ग्रुप फोटो." मी म्हटलं, या की. पण नोव्हेंबर तोंडावर आलाय. हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत सोबत जाणारं कुणीतरी हवंय, तेही मधल्या वारी. दोघं-तिघं आले तरी पुष्कळ. तर म्हणे, "त्यात टीमला एंगेजिंग असं काही वाटणार नाही."

अरे, ८४ वर्षांच्या बाईला आपण जिवंत आहोत हे दरवर्षी सिद्ध करावं लागतं, नाहीतर पेन्शन थांबते. आयुष्यभर धुणी-भांडी करून बोटं इतकी झिजलेली असतात की ठसा उमटत नाही. मशीन नाही म्हणतं, खिडकीतला माणूस "उद्या या" म्हणतो. उद्या कशी येणार ती, तीन जिने उतरून? आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो, पोस्टमन सत्तर रुपयांत घरी येऊन काढून देतो. सत्तरीच्या पुढच्यांना घरपोच सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय. पण हे त्या बाईला सांगणार कोण? शेजारी बसून तिचा चेहरा त्या चौकोनात नीट धरणार कोण?

सदाशिव पेठेतले आमचे एक आजोबा आहेत. तिसरा मजला, लिफ्ट नाही. पूर्वी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. मुलगा अमेरिकेत, आणि मुलगा चांगला आहे हं. रोज व्हिडिओ कॉल करतो, किराणा, औषधं सगळं तिथून मागवून देतो. पोरांना शिव्या घालणाऱ्यातली मी नाही. तर आजोबांचं चालणं कमी झालं होतं. गुडघे, वय, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. एकदा मोजे बदलताना मी त्यांचे पाय पाहिले. नखं जाड, पिवळी, वळून शेजारच्या बोटात रुतलेली. वाकता येत नाही म्हणून कापता येत नव्हती, आणि मुलाला सांगणार कसं? लाज वाटते माणसाला.

टबात कोमट पाणी घेतलं, पाय भिजत ठेवले, मग मांडीवर टॉवेल अंथरून एकेक नख. (मधुमेह असेल तर आम्ही स्वतः हात लावत नाही, डॉक्टरांकडे नेतो. त्यांना नाहीये.) "अहो, राहू द्या, पायाला हात नका लावू," म्हणत खिडकीकडे बघत बसले होते. मी खिळ्यांचा विषय काढला. मग उलटी अक्षरं सुलटी कशी वाचायची ते सांगायला लागले आणि पायांचं विसरलेच. पुढच्या आठवड्यात चप्पल घालून नागनाथ पारापर्यंत जाऊन आले. एकटे! फोन करून सांगितलं मला.

व्हिडिओ कॉलवरून नख कापता येत नाही हो. केक कापूनही नाही.

मान्य, कंपन्यांच्या पैशातूनच आमच्याकडे व्हीलचेअर आल्यात, वॉकर आलेत. पुढेही घेऊ. आणि केक आज्यांना आवडतो, तेही खरं.

पण मध्यंतरी मला जमत नव्हतं, तेव्हा याच आजोबांकडे आम्ही कॉलेजच्या एका मुलाला पाठवलं होतं. गोड मुलगा. दोनदा गेला, सर्टिफिकेटपुरते तास भरले, तिसऱ्या बुधवारी गेलाच नाही. कळवलंही नाही. आजोबा चारपासून दार उघडं ठेवून बसलेले. त्याच्या पुढच्या बुधवारीही! हे शेजारच्या काकूंनी मला सांगितलं, आजोबांनी एका शब्दानं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "परीक्षा असेल त्याची." मला तेव्हा रडू आलं होतं आणि आत्ता लिहिताना राग येतोय. त्या पोराचा नाही इतका. तास मोजून मार्क देणाऱ्यांचा, आणि फोटोसाठी शनिवार मागणाऱ्यांचा. म्हाताऱ्या माणसाला येतो म्हणून सांगायचं आणि जायचं नाही, त्यापेक्षा मुळात जाऊच नका ना. त्याचा अख्खा आठवडा त्या एका वारावर उभा असतो.

"वेळच नाही" म्हणणाऱ्यांशी आज मी भांडणार नाही. असतात अडचणी. पण तुमच्याच सोसायटीत तळमजल्यावरचे काका किती दिवसांत बाहेर दिसले नाहीत, एवढं तरी बघा. काही गंभीर वाटलं, घरातलेच त्रास देताहेत असं वाटलं, तर ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ. पैसे पडत नाहीत.

आणि खरंच यायचं असेल तर सदाशिव पेठ, कर्वेनगर आणि सिंहगड रोड, तिन्हीकडे बुधवारी-गुरुवारी दुपारी माणसं हवीत. निदान सहा महिने त्याच घरी, त्याच वारी जायची तयारी असेल तरच इनबॉक्स करा. ऐंशीच्या पुढच्या केंद्र सरकारच्या पेन्शनरांचे दाखले ऑक्टोबरपासूनच घेतात, त्यामुळे ती घरं आधी उरकायचीत. नेलकटर मोठा लागतो, तो मी देईन.