शुक्रवार, संध्याकाळी पावणेसहा

नवीन कोड लाइव्ह, म्हणजे ग्राहकांच्या वापरात, कधी टाकावा, असं परवा एका फ्रेशरनं मला विचारलं. पोरगं गुणी दिसलं. बारा वर्षं हिंजवडीत घासल्यावर माणसाकडे देण्यासारखं फारसं काही उरत नाही, तेव्हा त्याला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो.

मुहूर्त एकच. शुक्रवार, संध्याकाळी पावणेसहा. सोमवारी सगळे ताजेतवाने असतात, चूक लगेच पकडली जाते. मंगळवार-बुधवारी ती निस्तरायला माणसं जागेवर असतात, म्हणजे मजाच गेली. गुरुवारी टेस्टिंगवाली "थांबा, मी एकदा बघते" म्हणते, आणि तिनं बघितलं की संपलंच. शुक्रवारी पावणेसहाला मात्र ती सोलापूरच्या गाडीत बसलेली असते, मॅनेजर लोणावळ्याच्या वाटेला लागलेला असतो आणि ज्याला कोड तपासायला दिलाय तो एक पाय लिफ्टमध्ये ठेवून मोबाइलवरूनच 'ॲप्रूव्ह' दाबतो. चारशे ओळी अकरा सेकंदांत वाचून होतात त्याच्या. दहाच ओळी असत्या तर पाच शंका काढल्या असत्या, म्हणून बदल कधीही भरघोस करावा. फक्त तोंडानं म्हणताना "छोटासाच आहे हो" म्हणावं.

शुक्रवारचं माहात्म्य मी शोधलेलं नाही. 19 जुलै 2024 हासुद्धा शुक्रवारच. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या कंपनीनं त्या दिवशी आपल्या ग्राहकांच्या विंडोज संगणकांवर एक इवलीशी फाइल धाडली. आपल्याकडे सकाळचे 9 वाजून 39 मिनिटं झाली होती. राहुकाळ लागायचा होता साडेदहाला, त्यामुळे ग्रहांना बोल लावायची सोय नाही. घोटाळा असा की नव्या नियमाला 21 रकाने हवे होते आणि संगणकावरचा प्रोग्रॅम देत होता 20. एकविसावा शोधायला तो नको तिथे डोकावला आणि सुमारे 85 लाख संगणकांचे पडदे निळे पडले. आधी शंभर जणांना पाठवून बघू, मग हजारांना, असला भित्रेपणा त्यांनी केला नव्हता. पंगत एकदम वाढली. विमानं खोळंबली, आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास चक्क हातानं लिहून दिले. (अक्षर कुणाचं कसं होतं, हे मला अजून जाणून घ्यायचंय.)

फाइल 78 मिनिटांत मागे घेतली, तीही ऐन राहुकाळात. पण जो संगणक उठतच नाही त्याला मागे घेतल्याचं कळणार कसं? मग पुष्कळ ठिकाणी माणूस प्रत्यक्ष टेबलापाशी गेला, संगणक सेफ मोडमध्ये, म्हणजे जेमतेम गरजेपुरता, सुरू केला, फाइल पुसली आणि पुढच्या टेबलाकडे वळला. आयटीवाल्यांना कोणी ओळखत नाही अशी तक्रार असते ना? त्या आठवड्यात सगळ्यांनी ओळखलं.

आता घरातला जुना कोड. तो पुसू नये. माळ्यावरच्या पितळी भांड्यांसारखा असू द्यावा, कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर-दलाल कंपनीनं 2003 पासून न वापरलेला एक तुकडा असाच जपून ठेवला होता. 1 ऑगस्ट 2012 ला नवा कोड आला, त्यानं त्या जुन्या तुकड्याचंच बटण वापरायला घेतलं आणि आठपैकी सातच सर्व्हरवर तो चढवला गेला. आठव्यानं बाजार उघडताच माळ्यावरची भांडी खाली काढली. 45 मिनिटांत 44 कोटी डॉलर गेले. आणि तो साधा बुधवार होता, शुक्रवार असता तर काय झालं असतं विचार करा.

बॅकअपचं विचाराल तर जरूर घ्यावा, पण उघडून बघू नये. विश्वास नावाची काही चीज असते. लोकांचा कोड सांभाळून ठेवणाऱ्या गिटलॅब कंपनीवाल्यांकडे 2017 च्या जानेवारीत अशा पाच तजविजी होत्या. चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेस पुसला गेला तेव्हा पाचांतली एकही धड कामाला येईना. कुणीतरी सहा तासांपूर्वी सहज काढून ठेवलेल्या प्रतीवर निभावलं. त्यांनी ती दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली, हा मात्र माझ्या मते निव्वळ अविचार. आपली फजिती आपण मीटिंगरूमची काच झाकून करावी.

माझंही पुण्य थोडं जमा आहे. एका जुन्या कंपनीत आम्ही हाउसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्सचं ॲप चालवायचो. थकबाकीदारांना मेसेज पाठवायच्या कोडमध्ये मी 'शून्यापेक्षा जास्त' च्या जागी 'शून्य किंवा जास्त' लिहिलं आणि शुक्रवारी टाकून निघालो. वाकडच्या पुलाखाली पोचेपर्यंत ज्यांनी पैसे वेळेवर भरले होते त्या सगळ्यांना दर दहा मिनिटांनी मेसेज जायला लागला: आपली थकबाकी रु. 0 त्वरित भरा, अन्यथा दंड आकारला जाईल. ॲक्टिव्हा स्टँडवर लावली, सीटवर लॅपटॉप उघडला, फोनचा हॉटस्पॉट लावला. बॅटरी नऊ टक्के. वरून पुलाचं पाणी बरोब्बर कीबोर्डवर. मदतीचा नंबर त्या आठवड्यात माझ्याच फोनवर वळवलेला, आणि पहिला फोन बिबवेवाडीच्या एका निवृत्त काकांचा.

"शून्य रुपयांचा चेक लिहून ठेवलाय," काका म्हणाले. "अक्षरी 'शून्य फक्त' लिहायचं का नुसतं 'शून्य'?"

मी म्हटलं, "काका, तुमचं काही देणं नाही."

"मग मेसेज का पाठवता? दंडाचं लिहिलंय त्यात. मला लेखी द्या."

रात्री अकराला सगळं थांबलं. रविवारी सकाळी पुन्हा त्यांचाच फोन. चेक सोसायटीच्या पेटीत टाकलाय, पावती कधी मिळेल? आमच्या ॲपमधून शून्य रुपयांची पावती निघत नव्हती. छोटासाच बदल होता. पुढचा शुक्रवार मोकळाच होता.