शोरॅमचा अपघात: इंजिन बंद पडले नव्हते

गेल्या काही दिवसांत कोल्हापुरातल्या अनेक व्हॉट्सअ‍ॅप गटांवर इंग्लंडमधल्या शोरॅम येथील विमान अपघाताची चित्रफीत पुन्हा फिरते आहे. २२ ऑगस्ट २०१५ रोजी हवाई कसरती चालू असताना हॉकर हंटर हे जुने जेट विमान शेजारच्या ए-२७ महामार्गावर कोसळले आणि ११ माणसे मृत्युमुखी पडली. चित्रफितीखालचा मजकूर असा: विमान जुनाट होते, हवेतच इंजिन बंद पडले, तरीही शूर वैमानिकाने ते गर्दीपासून दूर नेले, मेले ते हौसेने कसरती पाहायला आलेले, न्यायालयानेही त्याला निर्दोष सोडले, म्हणजे चूक कोणाचीच नव्हती.

विमान १९५५ सालचे होते, एवढे खरे आहे. १९७१ च्या युद्धातल्या लोंगेवालाच्या लढाईत भारतीय हवाई दलाने हीच विमाने वापरली होती; त्यामुळे हंटर हे नाव आपल्याकडे आदराने घेतले जाते आणि म्हणूनच हा मजकूर चटकन पटतो. परंतु ब्रिटनच्या हवाई अपघात तपास संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात इंजिन बंद पडल्याचा निष्कर्ष नाही. कॉकपिटमध्ये लावलेल्या कॅमेऱ्याचे चित्रीकरण तपासकांच्या हाती होते. त्यांनी काढलेले कारण वेगळेच आहे: लूप, म्हणजे हवेत उभे वर्तुळ, घेण्यासाठी वर चढताना किमान ३५० नॉट (ताशी सुमारे ६५० किलोमीटर) वेग हवा होता, तो सुमारे ३१० नॉट होता आणि इंजिनाची पूर्ण ताकद वापरली गेली नव्हती. झोक्याला सुरुवातीचा रेटा कमी पडला की तो वरपर्यंत जात नाही, तसे हे विमान ३,५०० फुटांऐवजी जेमतेम २,७०० फुटांवर पोहोचले. तिथून नाक खाली करून वर्तुळ पूर्ण करायला लागणारी उंची त्याच्यापाशी नव्हती. शिखरावर असतानाही लूप सोडून देऊन विमान सरळ करणे शक्य होते. मात्र हंटरवर तशा सुटकेचे औपचारिक प्रशिक्षण या वैमानिकाला मिळालेले नव्हते. उंचीमापक पाहिला गेला नाही, चुकीचा वाचला गेला, की दुसऱ्याच विमानाची किमान उंची त्याच्या डोक्यात होती, अशा शक्यता तपासकांनी मांडल्या आहेत. यातली कोणतीही शक्यता विमानाच्या वयाशी जोडलेली नाही.

दूर नेल्याच्या दाव्याला अहवालात आधार नाही. विमान लूपमधून वर येण्याच्या प्रयत्नातच रस्त्यावर आदळले. वैमानिक गंभीर जखमी होऊन वाचला, पण त्या घटनेतले आपल्याला काही आठवत नाही, असे त्याने स्वतः न्यायालयात सांगितले. मग शौर्याची ही कथा आली कुठून?

मला सर्वांत जास्त खटकते ते मृतांविषयीचे वाक्य. काही जण रस्त्याच्या कडेला थांबून विमाने पाहत होते, हे खरे आहे. पण सगळेच तसे नव्हते. नवरीला आणायला निघालेला एक मोटारचालक त्यात होता. सामना खेळायला निघालेले २३ वर्षांचे दोन फुटबॉलपटूही होते, आणि कोल्हापूरकरांना त्या वयाच्या पोरांची शनिवार दुपारची ती घाई वेगळी सांगायला नको. उजळाईवाडीच्या विमानतळाजवळून पुणे-बंगळूर महामार्गाने कागलकडे जाणारा माणूस जसा आपल्या कामाला जात असतो, तसेच ते जात होते. कार्यक्रमस्थळाबाहेरच्या, विशेषतः ए-२७ वरच्या लोकांच्या सुरक्षेची तजवीज अपुरी होती, असेही अहवालात स्पष्ट नोंदवले आहे.

आता न्यायालयाविषयी. मार्च २०१९ मध्ये ज्यूरीने वैमानिकाला घोर निष्काळजीपणाने झालेल्या मनुष्यवधाच्या ११ आरोपांतून मुक्त केले, हे बरोबर आहे आणि तो निकाल मान्यच करायला हवा. कसरतीत शरीरावर पडणाऱ्या गुरुत्वभारामुळे त्याची आकलनशक्ती मंदावली असावी, असा बचाव होता. फौजदारी खटल्यात आरोप संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो; तो झाला नाही, याचा अर्थ उड्डाणात चूकच नव्हती असा होत नाही. तपास संस्थेने त्यानंतर या मुद्द्याचा फेरविचार केला आणि आपला निष्कर्ष कायम ठेवला. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने, जिथे पुराव्याचा निकष फौजदारी खटल्याहून सौम्य असतो, या ११ जणांचा मृत्यू बेकायदा वधाने झाल्याचा निष्कर्ष दिला. फिरत्या मजकुरात २०१९ नंतरचे यातले एक अक्षरही नाही.