सोशिक बाई, चपळ सिद्दी

कर्नाटक सरकारनं ११ जून २०२३ रोजी ‘शक्ती’ योजना सुरू केली आणि राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसमधून फुकट प्रवास मिळाला. त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्रानं एसटीत बायकांना अर्धं तिकीट केलं होतं. तेव्हापासून आमच्या बेळगावच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद पेटतच राहिला आहे. ‘फुकट आहे म्हणून बायका उठसूट फिरायल्यात.’ ‘सौंदत्तीला यल्लमाच्या दर्शनाला जायचं म्हटलं तर बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही, घरात स्वयंपाक कोण करायचा?’ लिहिणारे माझे काका आहेत, मामेभाऊ आहेत. योजनेचा खर्च, महामंडळांवरचा भार, खच्चून भरलेल्या बसला लोंबकळणारी शाळेची पोरं, हे खरे प्रश्न आहेत आणि त्यांवर भांडायलाच हवं. पण ग्रुपवर पैशांचा हिशेब क्वचितच निघतो. बाई घराबाहेर कशाला पडली, याचीच चौकशी चालते.

याच ग्रुपवर महिला दिनाला फुलांची चित्रं येतात. आमच्या आयाबहिणी किती सोशिक, स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही, असा मजकूर असतो. माझ्या मते हे दोन्ही मेसेज एकाच मनातून येतात. काही मागत नाही म्हणून जिचं कौतुक होतं, ती स्वतःच्या मर्जीनं सौंदत्तीच्या बसमध्ये चढली की आगाऊ ठरणारच. शिवी निदान ओळखता येते, तिला उत्तर देता येतं. कौतुक मात्र आपण हसून घेतो आणि ते आपल्याकडून काय काढून घेतंय, हे पाहायचं राहून जातं.

मी बर्मिंगहॅममधल्या एका रुग्णालयात, प्रसूती विभागात काम करते. भारतीय नर्सचं इथं फार कौतुक आहे: कष्टाळू, शांत, कुरकुर न करणाऱ्या. कुरकुर न करणाऱ्या म्हणून रात्रपाळ्या आमच्याकडे सरकतात. वरच्या पदाचा विषय निघाला की तोच शांतपणा आडवा येतो, ‘तिच्यात पुढारीपण दिसत नाही’. हा केवळ माझा अनुभव नाही. इथली सरकारी आरोग्यसेवा २०१५ पासून आपल्या कर्मचाऱ्यांची वंशानुसार नोंद ठेवते. मुलाखतीच्या यादीत नाव आल्यावर नेमणूक होण्याची शक्यता गोऱ्या उमेदवारांची जास्त, असं त्या नोंदी वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत.

कृष्णवर्णीय बायकांच्या वाट्याला याहून भयंकर कौतुक येतं. त्या ‘कणखर’ असतात, त्यांना कळा सोसतात, अशी समजूत आहे. तोंडावर कुणी बोलत नाही, पण वेदनाशामक द्यायला उशीर झाला, दुखतंय हे दोनदा सांगूनही कुणी गांभीर्यानं घेतलं नाही, असं या बायका पुन्हा पुन्हा सांगतात. ब्रिटनमध्ये गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर दगावणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांचं प्रमाण गोऱ्या बायकांच्या दुपटीहून जास्त आहे. कारणं अनेक आहेत, गरिबी आहे, आधीचे आजार आहेत. तरी जिचं दुखणं कमी धरलं जातं, तिचा रक्तस्रावही उशिरा लक्षात येतो, एवढं या विभागात काम करणाऱ्या कुणालाही कळतं. इथं वंशाचा साचा आणि बाईपणाचा साचा एकाच खाटेवर येतात. त्यातला कुठला किती, हे वेगळं काढता येत नाही.

हे लिहिताना मला सारखा बेळगाव जिल्ह्यातला खानापूर आठवतो. खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यात आणि पुढं उत्तर कन्नडमधल्या हल्याळ, यल्लापूरकडे सिद्दी राहतात. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलं गेलं. पोर्तुगिजांच्या गोव्यातून निसटून अनेकजण घाटातल्या रानात शिरले. त्यांच्या बोलीत कोकणी आहे, मराठी आहे, कन्नड आहे. खरं तर आम्हा सीमाभागातल्या माणसांइतकीच सरमिसळ. पण बाजारात ‘हे कुठले?’ हा प्रश्न त्यांना आजही विचारला जातो. ब्रिटनमध्ये मला ‘मूळची कुठली?’ विचारलं की आमचे जे ग्रुपवाले संतापतात, त्यांनीच खानापूरच्या बाजारात हे विचारलेलं मी ऐकलं आहे.

सिद्दींच्या वाट्याला आलेलं कौतुक तर सरकारी होतं. १९८० च्या दशकात भारतीय क्रीडा प्राधिकरणानं विशेष योजनेखाली सिद्दी मुलामुलींना खेळाच्या प्रशिक्षणासाठी निवडलं. आफ्रिकी रक्त, म्हणजे पळणार, उड्या मारणार, पदकं आणणार, हा त्यामागचा विचार. मुलांनी राष्ट्रीय पातळीवर पदकं आणलीही. मग काही वर्षांत योजना बंद झाली आणि पोरं घरी परतली. निवडताना कुणी त्यांना गणित आवडतं का, नर्स व्हायचंय का, हे विचारल्याचं ऐकिवात नाही. पायांचं एवढं कौतुक झाल्यावर बाकीचं कोण विचारणार? बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २०२० साल उजाडावं लागलं. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना तो २००३ मध्येच मिळाला होता.

आपल्या स्वतःच्या गावातला दाखला याहून जुना आहे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे आणि त्याचा अभिमान कुणाला नाही? मलाही आहे. पण ब्रिटिशांनी ज्या काळात काही जाती ‘लढवय्या’ ठरवल्या, त्याच काळात, १८९० च्या दशकात, महारांची सैन्यभरती थांबवली. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावं कोरली होती, त्यांच्याच नातवंडांना लढाऊ नाही म्हणून परत पाठवलं. महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली ती १९४१ मध्ये, आणि तीही बेळगावातच. आमच्या शाळेत मराठा केंद्राची गोष्ट सांगितली गेली, महार बटालियनची कुणी सांगितली नाही. एकाला जन्मानं शूर म्हटलं की दुसऱ्याला जन्मानं भेकड म्हणावंच लागतं. मग तो रणांगणात काय करून आला, याला महत्त्व उरत नाही.

सीमावादातही हे चालतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ भाषेवरून एका बस कंडक्टरला मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांमधल्या बस काही दिवस थांबल्या. तेव्हा आपल्याकडच्या पोस्टमध्ये ‘मराठी माणूस गप्प बसत नाही’ हे कौतुकानं लिहिलं होतं, पलीकडच्या पोस्टमध्ये तेच वाक्य तक्रार म्हणून. मराठी शाळा, मराठी कागदपत्रं, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, हे सगळं माझंही आहे, आणि त्यासाठी भांडणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण त्या दिवसांत ज्या बाईची कोल्हापूरच्या दवाखान्यातली तारीख हुकली, तिला या शौर्याचा काय उपयोग झाला?

‘तिकडं बसून आम्हाला शिकवू नकोस’, असं एका मामेभावानं मला लिहिलं. त्याचं म्हणणं मी मनापासून ऐकते, कारण ब्रिटन काही शिकवणीची जागा नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इथं स्थलांतरितांविरोधात दंगली झाल्या, तेव्हा आमच्यातल्या कित्येकजणी रात्रपाळीला एकटं जायला घाबरत होत्या. इथून घेण्यासारखी एक गोष्ट मात्र मला दिसते. कुणाला काय मिळालं नाही, याची इथं नोंद होते आणि ती दरवर्षी छापली जाते. आपल्याकडेही सुरुवात झाली आहे. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीशांसाठी बायकांविषयीच्या साचेबंद समजुतींवर एक पुस्तिका काढली. बायका मुळातच इतरांची काळजी घ्यायला अधिक योग्य असतात, ही गोड वाटणारी समजूतसुद्धा तिनं साच्यांच्या यादीत घातली आहे.

मामेभावाला मी उत्तर लिहिलं आहे. फुकट तिकिटावर बायका कुठं कुठं जातात हे मोजायचंच असेल तर नीट मोजूया: किती जणी कामावर, किती जणी दवाखान्यात, किती जणी माहेरी, किती जणी देवाला, आणि खानापूरच्या किती वाड्यांवर बसच येत नाही म्हणून किती जणी मोजदादीतच नाहीत. त्यात सिद्दी मुली किती दहावीच्या पुढं गेल्या, हेही विचारूया. त्यांच्यातल्या कुणा मुलीला नर्सिंगला यायचं असेल तर प्रवेशापासून इंग्रजीच्या परीक्षेपर्यंत जे मला माहीत आहे, ते मी सांगायला तयार आहे. पळण्यात पदक मिळवायचं असेल, तर तेही तिनंच ठरवावं.