बांधायला पैसे मिळतात, चालवायला कोणी देत नाही

नऊ वर्षं झाली पुण्यात वस्ती पातळीवर काम करतेय, ग्रँटची प्रपोजल्स लिहिते, रिपोर्ट लिहिते, डोनरला वस्ती दाखवायला नेते. त्यामुळे हे मनापासून लिहितेय, कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे नफ्यातला काही भाग समाजाच्या कामाला देणाऱ्या विभागात, काम करणाऱ्यांनी तरी नक्की वाचा.

आमच्या एका वस्तीत सार्वजनिक संडास आहे, एका कंपनीच्या ग्रँटमधून बांधलेला. टाइल्स छान, बायकांची बाजू वेगळी, लहान मुलांसाठी छोट्या सीट, बाहेर ग्रॅनाइटची पाटी. दाराशी एक मावशी टेबल टाकून बसतात, पहाटे ५ ला येतात, वहीत घर नंबर आणि महिन्याच्या पासचे पैसे लिहितात, दुपारी स्वतः फरशी धुतात. मागच्या मे महिन्यात पाण्याची मोटर जळाली. कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की प्रोजेक्ट क्लोज झालाय, आता त्यात खर्च टाकता येत नाही. ६ दिवस बायका घरून बादल्या भरून नेत होत्या, म्हाताऱ्या माणसांचे काय हाल झाले ते मी बघितलेत, शेवटी बचत गटानं पैसे काढून मोटर रिवाइंड करून आणली. आणि मावशींचा पगार? तो पासच्या पैशातून कसाबसा निघतो, कारण आमच्या बजेटमध्ये तीन वर्षं त्यांच्या पगाराची ओळ होती आणि तीनही वेळा तीच कापली गेली.

कायदा आडवा येतो म्हणावं तर तसंही नाहीये. मोठ्या कंपन्यांनी मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के द्यायचे हा नियम १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे, आणि कामांच्या यादीत झोपडपट्टी विकास त्याच वर्षी आलाय. प्रोजेक्ट सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची ३ वर्षं चालवायलाही परवानगी आहे. पण होतं काय, डिसेंबरपर्यंत सगळं शांत, मग फेब्रुवारीत फोन येतो की मार्च एंडच्या आत खर्च दाखवायचाय, काहीतरी पटकन सुचवा. आता पटकन काय होणार, भिंती रंगवून होतात, बेंच आणि कॉम्प्युटर येतात. लोकांचा विश्वास, वस्तीची कमिटी, बायकांचा गट पटकन होत नाही हो, त्याला रोज संध्याकाळी दारोदार फिरणारी एक ताई लागते आणि तिला दर महिन्याला पगार लागतो.

अजून एक, ५ टक्क्यांचं. प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर नको असं सांगून संस्थांचे पगार, ऑडिट, ऑफिसचं भाडं सगळं कापतात. पण ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे! प्रोजेक्ट राबवायला, त्यावर देखरेख ठेवायला जे लागतं ते त्यात धरायचंच नाही असं नियमातच लिहिलंय. किती छोट्या संस्थांना हे माहीतच नाही आणि त्या गुपचूप मान्य करतात, मी पण पहिली काही वर्षं केलं.

वस्तीच्या लोकांना चालवायला जमेल का असं दर मीटिंगला विचारतात. अहो, भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी १९८६ च्या सुमारास महिला मिलन उभं केलं, स्पार्क संस्था सोबत होती, रोज थोडे थोडे पैसे जमवत त्यांनी बचत उभी केली, आणि पुढे २००० च्या आसपास आपल्या पुण्यातच महापालिकेनं पैसे दिल्यावर अशा गटांनी संडास बांधलेही आणि सांभाळलेही. आणि पेठांमधली साधी मंडळं बघा की, वर्गणी गोळा करून पैशापैशाचा हिशोब बोर्डावर लावतात. हिशोब ठेवणं वस्तीला शिकवावं लागत नाही, निर्णय घेताना तिला शेजारी बसवावं लागतं, एवढंच.

शुक्रवारी एका नव्या कंपनीत मीटिंग आहे. यावेळी बजेटची पहिली ओळ मावशींचा पगार, दुसरी मोटर, टाकी, लाइट बिल यांचा तीन वर्षांचा देखभाल खर्च, बांधकाम त्याच्या खाली. बोलायला मी एकटी जाणार नाहीये, मावशी येतायत, वही घेऊन.