हंप घालण्याआधी गल्लीला विचारा

आज पहाटे बेळगावातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाला दूधवाला पडला. गाडीच्या दोन्ही बाजूंना कॅन, अजून उजाडलेलं नाही, आणि समोर काल रात्री घालून गेलेला हंप, म्हणजे गतिरोधक. ना पट्टे, ना बोर्ड. एक कॅन उलटला आणि सगळं दूध गटारीत गेलं. गुडघा फुटलेला माणूस उठला आणि आधी दुसऱ्या कॅनचं झाकण चाचपलं.

हंप घातला याचा राग नाही. इथे हंप हवाच होता, शाळा सुटल्यावर पोरं जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतात. राग याचा आहे की ज्यांच्या दारात घातला, त्यांतल्या एकाही घराला विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं: इथे दिवा नाही, वरून उतार आहे, वीस पावलं पुढे खांबाच्या उजेडात घाला.

टेप लावला. उंची १७ सेंटिमीटर, रुंदी जेमतेम ६०. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या आयआरसी ९९ या मार्गदर्शिकेने गोल हंपाला ३.७ मीटर रुंदी आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंची सांगितली होती, ताशी २५ किलोमीटरने पार होईल असा. एवढी रुंदी का लागते? चाक लांब गोलाईवर सावकाश चढतं आणि सावकाश उतरतं. झटका बसतो तो फक्त जोरात येणाऱ्याला. ६० सेंटिमीटरचा उंचवटा मात्र हळू येणाऱ्यालाही ठोकतो. रिक्षातल्या गरोदर बाईला ठोकतो, कारचं पोट घासतो. मग दुचाकीवाले गटारीकडच्या फटीतून गाडी काढतात, नेमकी जिथून माणसं चालतात तिथून. हंपाच्या ४० मीटर आधी बोर्ड हवा आणि हंपावर काळे-पांढरे पट्टे. साधा ऑइलपेंट आपल्या पावसात एक हंगामही टिकत नाही. थर्मोप्लास्टिक रंग लागतो, वर काचेचे मणी पेरलेला, म्हणजे रात्री हेडलाइटमध्ये चमकतो.

आणि काम कसं केलंय ते बघा. रस्ता झाडलासुद्धा नाही. खालचा थर खरवडून, त्यावर डांबराचा पातळ हात मारून, मग गरम माल टाकून रोलर फिरवायचा असतो. इथे दुसरीकडचा उरलेला माल ओतून फावड्याने थापलाय. धुळीवर डांबर धरत नाही. काँक्रीटच्या रस्त्यावर तर सालपटासारखं सुटतं. जूनमध्ये खडी निघेल आणि त्याच खडीवर गाड्या घसरतील. रबरी हंप बोल्ट मारून बसवतात, तेही ढिले होतात, तुकडा निघून जातो आणि बोल्ट वर उभा राहतो. पण निदान ते काढून वीस पावलं पुढे नेता येतात.

पाण्याचं वेगळंच. हंप गटारीपर्यंत भिडवलाय, वाट ठेवलेली नाही. डांबरावर डांबर चढून जुन्या घरांचे उंबरे आधीच रस्त्याच्या खाली गेलेत. बेळगावकडचा पाऊस काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. उतारावरचं पाणी हंपाशी अडणार आणि पहिल्या तीन घरांत शिरणार. त्या तीन घरांना तरी विचारायचं होतं!

सगळ्यांना विचारत बसलं तर हंप व्हायला पाच वर्षं लागतील, असं म्हणतात. थोडं खरं आहे. प्रत्येकाला हंप हवा असतो, पण शेजाऱ्याच्या दारात. म्हणून मत कशावर घ्यायचं तेही ठरलेलं हवं. हवा की नको आणि कुठे, हे गल्लीने सांगावं. किती उंच, यावर मत नाही, तिथे माप चालेल. तो दूधवाला गल्लीत राहत नाही, त्याची सही कुठल्याच कागदावर येणार नाही. त्याच्या वतीने बोलणारं ते मापच आहे.

विचारणं ही काही मेहरबानी नाही. ३ लाख आणि त्यावर लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असं १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती सांगते. बेळगाव शहर २०११ च्या जनगणनेतच पावणेपाच लाखांच्या पुढे होतं. कर्नाटकाच्या १९७६ च्या महानगरपालिका कायद्यातही या समित्या आहेत. तुमच्या प्रभागाची समिती शेवटची कधी बसली, हे नगरसेवकाला विचारा.

अर्ज असा करा. आधी दोन दिवस, शाळा भरताना आणि सुटताना, एकेक तास गाड्या मोजा. गल्लीचा हाताने नकाशा काढा, त्यात घर नंबर, विजेच्या खांबाचा नंबर, गटारीचा उतार दाखवा. सह्या दोन्ही बाजूंच्या घरांच्या घ्या. प्रभागाचा इंजिनिअर, नगरसेवक आणि ट्रॅफिक पोलीस यांना एकेक प्रत द्या. आपल्या प्रतीवर शिक्का आणि इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडा. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण टेबलावरच्या माणसाला कागद वाचता आला पाहिजे, नाहीतर तो तिथेच पडून राहतो.

हंप आधीच पडला असेल तर माहिती अधिकार वापरा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो. पाल्हाळ नको, तीनच गोष्टी मागा: एस्टिमेट, वर्क ऑर्डर आणि मेजरमेंट बुकच्या, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहितात त्या वहीच्या, पानाची प्रत. त्या पानावर लिहिलेली उंची आणि तुमच्या टेपवरची उंची शेजारी ठेवा.

दूधवाला उद्या पहाटे पुन्हा येणार, गुडघ्याला पट्टी बांधून. दुसरा इलाज नाही त्याला. संध्याकाळी पोरांनी हंपावर चुन्याचे पट्टे ओढलेत आणि अलीकडे ड्रम उभा करून त्यावर लाल फडकं बांधलंय. उद्या सात वाजता मारुतीच्या देवळात सह्या घेतोय. समोरच्या बाजूची घरंही या. आणि कुणाकडे पाच मीटरचा टेप असेल तर घेऊन या, आमचा तीन मीटरचाच आहे.