शेवटच्या डब्यात बसून बघा की!

रोलर कोस्टरवरचा तुमचा लेख झकास आहे, पण सगळ्यात जास्त भीती पुढच्या सीटवर वाटते असं त्यात म्हटलंय, हे काही पटलं नाही. पुढे समोरचं सगळं दिसतं, एवढंच. खरी मजा मागे. पुढचे डबे चढ ओलांडून खाली सुटले की मागच्यांना ओढतात. त्यामुळे शेवटचा डबा माथ्यावरून जातो तोच सुसाट, आणि आपण सीटवरून चक्क उचलले जातो. खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कात 'नायट्रो' या रोलर कोस्टरला तर पायाखाली फळीसुद्धा नाही, पाय नुसते लोंबकळतात.

लूपचं, म्हणजे गाडी उलटी होऊन जाते त्या उभ्या वेटोळ्याचं म्हणाल तर १८९५ मध्ये अमेरिकेत कोनी आयलंडला 'फ्लिप फ्लॅप' ही रोलर कोस्टर सुरू झाली, तिचा लूप पूर्ण गोल होता आणि बसणाऱ्यांच्या मानेला असा हिसका बसायचा की विचारू नका. आताचे लूप थेंबाच्या आकाराचे, वर निमुळते असतात ते त्यासाठीच.

बाकी आम्हा सोलापूरकरांचा श्रीगणेशा गड्ड्यातच, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतच होतो. संक्रांतीला होम मैदानावर आकाशपाळणा लागतो. खाली माणसं भरेपर्यंत आपण वर टांगलेले, आणि शेजारचा पठ्ठ्या मुद्दाम पाळणा हलवणार! (असा एक मित्र प्रत्येकाला असतोच.) पण माझं मत विचाराल तर मौत का कुआँच भारी, म्हणजे फळ्यांच्या विहिरीत उभ्या भिंतीवर मोटरसायकल फिरवतात तो खेळ. मोटरसायकल कठड्यापर्यंत चढली की उभ्या फळ्या धडधडतात, ती थरथर हातांत येते. आपण नुसते वाकून बघत असतो, तरी पोटात गोळा येतो. नायट्रोला आपल्याला पट्टा तरी असतो, त्या गड्याला काय असतं ओ?